त्यानं विचारलं होतं का?

‘त्यानं विचारलं होतं का?’ हे वाक्य दिसायला प्रश्न आहे, पण आपल्याकडे ते उत्तर म्हणून वापरलं जातं. फ्लॅट भाड्यानं देताना बेडरूमच्या भिंतीतली ओल सांगितली नाहीस? त्यानं विचारलं होतं का? जुना फोन विकताना स्क्रीन ओरिजिनल नाही हे बोललास? विचारलं होतं का? लग्न ठरवताना मुलाची नोकरी सुटल्याचं कळवलंत? त्यांनी विचारलं होतं का? एवढं म्हटलं की विषय संपतो. खोटं कुणी बोललेलं नसतं, त्यामुळे दोषही कुणाला देता येत नाही. समोरचा मात्र ओल असलेल्या घरात राहायला गेलेला असतो.

या वाक्याकडे नीट बघायला मला भाग पाडलं ते एका जुन्या गाडीनं. खरं तर गाडीनं नाही, तिच्या डॅशबोर्डच्या मागं दडलेल्या, शाळेच्या वहीएवढ्या एका भागानं. तो भाग काय करतो हे समजल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट समजणार नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच गाडी पुढं न्यायच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन जाते. काही सायलेन्सरमधून बाहेर पडते, काही कूलंट शोषून घेतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. ते इंजिनातून फिरतं, नव्वद अंशांच्या आसपास तापतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं. याच गरम कूलंटचा एक फाटा दोन रबरी पाइपांमधून इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा ओलांडून आत येतो. तिथं डॅशबोर्डच्या मागं एक छोटा रेडिएटर असतो. तो हीटर कोअर. गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल. पंखा त्याच्यावरून हवा फेकतो, हवा गरम होते, आपले पाय शेकतात आणि काचेवरचं धुकं जातं. एरवी वाया जाणारी उष्णता वापरणारी ही फार हुशार व्यवस्था आहे.

कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. ती काही वर्षांत संपतात. आपण कूलंट बदलत नाही, पातळी खाली गेली की नळाचं पाणी ओततो. पाण्यातले क्षार कॉइलच्या पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या आतून खातात आणि एक दिवस कुठंतरी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. मग गाडीत गोडसर वास यायला लागतो. काचेला आतून तेलकट थर चढतो, तो पुसला की आणखी पसरतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतं. पहिल्यांदा सगळे एसीच्या पाण्याला दोष देतात, पण एसीचं पाणी साधं असतं आणि हे बोटांना चिकट लागतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं. मूत्रपिंडं निकामी करू शकतं. ज्या घरात लहान मूल किंवा कुत्रा आहे, तिथं ही गळती नुसती कटकट राहत नाही.

आमच्या गाडीत हे सगळं २०२२च्या पावसाळ्यात झालं. बाबांनी ती गाडी २०१३मध्ये सेकंड हँड घेतली होती, तेव्हाच ती पाच वर्षांची होती. आमचे नेहमीचे मेस्त्री आले, त्यांनी कार्पेट उचलून हात लावला, वास घेतला आणि दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे कॉइल बदलायची. कॉइल महाग नाही, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन-तीन दिवसांचं काम. दुसरा रस्ता म्हणजे बायपास. बॉनेटमधले ते दोन रबरी पाइप कॉइलपासून सोडवायचे आणि एकमेकांना जोडून टाकायचे. कूलंट आत जाणारच नाही, तर गळणार कुठून? अर्ध्या तासाचं काम. हीटर जाईल, बाकी गाडी ठणठणीत.

“ताई, पुण्यात हीटर लागतो कुणाला?” मेस्त्री म्हणाले.

आम्ही बायपास केला आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. तसं पाहिलं तर हीटर पुण्यातही अगदीच बिनकामाचा नसतो. पावसाळ्यात एसीच्या जोडीला थोडी गरम हवा असली की काच लवकर सुटते आणि आपण कुडकुडत नाही. घाटात इंजिन तापायला लागलं तर हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेता येते. तो एक जादाचा छोटा रेडिएटरच असतो. पण या गोष्टींवाचून चालतं. आमची गाडी, आमची गरज, आमचे पैसे. आपल्या मालकीच्या वस्तूत काय चालवून घ्यायचं, हे ठरवायचा हक्क आपला असतो. जुगाडाला लोक उगाच नावं ठेवतात. वस्तू फेकून देण्यापेक्षा थोडी अपंग करून वापरत राहणं यात मला तरी काही गैर दिसत नाही.

जाताना मेस्त्रींनी एक गोष्ट केली. पांढऱ्या पेंटच्या मार्करनं त्यांनी बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर लिहिलं, ‘हीटर बायपास ८/२२’. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, “उद्या दुसरा कुणी मेस्त्री बॉनेट उघडेल, हीटर का चालत नाही म्हणून दोन तास शोधत बसेल आणि मला शिव्या घालेल.”

प्रश्न उभा राहिला तो दोन वर्षांनी, गाडी विकायची ठरली तेव्हा.

किंमत ठरली होती एक लाख वीस हजार. बघायला आलेला मुलगा माझ्याच वयाचा, हडपसरला राहणारा, पहिलीच गाडी घेणारा. त्यानं काच खाली-वर केली, हॉर्न वाजवला, एसी लावून बघितला, टायर लाथेनं ठोकला. बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि मिटलं. हीटरचं बटण त्यानं फिरवलं नाही. मे महिन्यात कोण फिरवतं? तो टोकन द्यायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, “हीटर चालत नाही. कॉइल गळत होती म्हणून बायपास केलाय.”

त्याचा चेहरा बदलला. “अजून काय काय आहे?” त्यानं विचारलं. अजून काही नव्हतं, पण आता माझ्या ‘काही नाही’वर त्याचा विश्वास बसेना. तो विचार करून सांगतो म्हणून गेला आणि दारातून आत येताच बाबा म्हणाले, “त्यानं विचारलं होतं का?”

माझ्या बाबांबद्दल गैरसमज नको. भाजीवाल्यानं दहा रुपये जास्त परत दिले तर ते अर्ध्या रस्त्यातून मागं जातात. आयुष्यात त्यांनी कुणाचा पैसा बुडवला नाही. पण त्यांच्या हिशेबात खोटं बोलणं हे पाप आणि गप्प बसणं हा व्यवहार. त्यांचे मुद्दे त्यांनी शांतपणे मांडले आणि ते फालतू नव्हते. जुनी गाडी घेणाऱ्याला ती जुनी आहे हे माहीत असतं, म्हणूनच तो नव्या गाडीचे पैसे देत नाही. दोष किमतीत धरलेलेच असतात. त्याला मेस्त्री घेऊन येता आलं असतं, कुणी अडवलं नव्हतं. आणि सगळ्यात वरचढ मुद्दा: “बॉनेटमध्ये पांढऱ्या अक्षरात लिहिलंय की! आपण लपवलं कुठं? त्यानं वाचायला हवं होतं.”

कायदा बऱ्याच अंशी बाबांच्या बाजूनं आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगतं. समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशा गोष्टीबद्दल नुसतं गप्प बसणं, ही एरवी फसवणूक होत नाही. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत आणि त्यातली बरीचशी घोड्याची आहेत. त्या काळचं सेकंड हँड वाहन घोडाच. एक माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत असतं, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण मात्र मला वाचता वाचता थांबवून गेलं. घोडा विकत घेणारी त्याच माणसाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर त्या नात्यामुळं खोट सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरतो, तर अशा वेळी गप्प बसणं हे बोलण्यासारखंच मानलं जातं.

म्हणजे कायद्याला हे पक्कं ठाऊक आहे की खोट सांगण्यासारखी असते. स्वतःच्या मुलीला ती सांगावी लागते. परक्याच्या बाबतीत तो आग्रह धरत नाही, इतकंच. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबरच आहे. तो काय माझा मुलगा आहे?”

हा वाद जुना आहे, दोन हजार वर्षांहून जुना. रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहीत होता. त्यात त्यानं स्टोइक पंथातल्या एका गुरूचा आणि शिष्याचा मतभेद मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी धान्याची जहाजं येत आहेत हे त्यानं वाटेत पाहिलंय. त्यानं ते सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? गुरू, बॅबिलोनचा डायोजिनीस, म्हणतो की कायदा जेवढे दोष सांगायला लावतो तेवढे सांगावेत, खोटं बोलू नये, आणि मग मिळेल तो चांगला भाव घ्यावा. शिष्य, अँटिपेटर, म्हणतो की विकणाऱ्याला जे माहीत आहे ते सगळं घेणाऱ्याला कळलं पाहिजे. मग घराचं उदाहरण येतं. लाकूड कुजलेलं, खोल्यांत किडे, आणि हे मालकाशिवाय कुणालाच माहीत नाही. डायोजिनीसचं म्हणणं साधारण असं की घ्यायची जबरदस्ती तर कुणी केली नव्हती ना? म्हणजे थोडक्यात, त्यानं विचारलं होतं का?

सिसेरोचा निकाल शिष्याच्या बाजूनं जातो, पण त्यानं दिलेलं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो गप्प बसणं आणि दडवणं यांत फरक करतो. माहीत असलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं कुणाचंच कर्तव्य नाही. पण जे कळलं तर समोरच्याचं भलं आहे, तेच त्याला कळू नये आणि त्यातून आपला फायदा व्हावा अशी आपली इच्छा असेल, तर ते दडवणं. तोंड दोन्ही वेळा मिटलेलंच असतं. फरक मिटलेल्या तोंडामागच्या इच्छेत आहे.

आता बाबांच्या वरचढ मुद्द्याकडे येते. बॉनेटमध्ये लिहिलेलं होतं. मग सांगण्याची जबाबदारी पूर्ण झाली का?

फोनवर एखादं ॲप टाकताना लांबलचक अटींचा कागद येतो. आपण सगळे खाली जाऊन ‘मान्य’ दाबतो. कंपनी म्हणते, लिहिलं होतं की. हो, लिहिलं होतं. पण ते वाचलं जाणार नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. कधी कधी वाचलं जाऊ नये अशाच बेतानं ते लिहिलेलं असतं. मेस्त्रींनी मार्करनं लिहिलं ते दुसऱ्या मेस्त्रीसाठी. ज्याला ते दोन पाइप वाचता येतात, त्याच्यासाठी ते वाक्य म्हणजे पूर्ण माहिती आहे. पहिली गाडी घेणाऱ्या हडपसरच्या मुलासाठी ती चार पांढरी अक्षरं आहेत, असंख्य नळ्या आणि वायरींमधली. तोच मजकूर एकासाठी सांगणं आहे आणि दुसऱ्यासाठी दडवणं.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला रोमपर्यंत जायची गरजही नाही. युधिष्ठिर खोटं बोलला नव्हता. अश्वत्थामा मेला हे खरं होतं, तो हत्ती होता हेही त्यानं म्हटलं, फक्त ऐकू जाणार नाही इतक्या हळू. वाक्य पूर्ण होतं. पोचलं मात्र अर्धंच, आणि अर्धंच पोचावं हीच योजना होती. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला असं महाभारत सांगतं. कथा रचणाऱ्यांना शब्दांचा हिशेब पुरेसा वाटला नाही. त्यांनी विचारलं, की द्रोणाला काय कळलं? सांगणं हे बोलणाऱ्याच्या तोंडात पूर्ण होत नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण होतं.

पण मग दुसऱ्या बाजूची अडचण येते. सांगायचं म्हणजे किती? मागच्या सीटला खरचटलंय, रेडिओचं एक बटण जोरात दाबावं लागतं, २०१६मध्ये एकदा स्कूटरला घासली होती. सगळंच सांगत बसलं तर गाडी विकलीच जाणार नाही. शिवाय खूप माहितीच्या ढिगातही खरी गोष्ट दडवता येते. त्या अटींच्या कागदात तेच होतं. म्हणून काहीतरी कसोटी लागते.

मला सुचलेली कसोटी अशी. समोरचा वस्तू बघत असताना आपलं लक्ष कुठं जातं ते बघावं. तो मुलगा डॅशबोर्डवरची बटणं फिरवत होता तेव्हा बाबांची आणि माझी, दोघांचीही नजर त्या एका निळ्या-लाल गोल बटणावर होती. सीटच्या ओरखड्याकडे त्यानं बघितलं तेव्हा आम्हाला काहीच वाटलं नाही. ज्या एका प्रश्नाची आपल्याला धास्ती असते, जो त्यानं विचारू नये असं वाटत असतं, त्याचं उत्तर न विचारता द्यावं. कारण त्या धास्तीचा अर्थच असा आहे की या गोष्टीनं त्याचा निर्णय बदलू शकतो हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ‘त्यानं विचारलं होतं का?’ हा प्रश्न स्वतःच साक्षीदार आहे. तो न विचारलेला प्रश्न कुठला, हे आपल्याला आधीच ठाऊक असल्याशिवाय हे वाक्य तोंडातून निघत नाही.

ही कसोटी निर्ढावलेल्याला लागू पडणार नाही. ज्याला धास्तीच वाटत नाही, त्याच्यासाठी कायदे आणि ग्राहक न्यायालयं आहेत. ही कसोटी तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना बोचतं आणि जे त्या बोचण्याला ‘व्यवहार’ असं नाव देऊन गप्प करतात.

कुणी म्हणेल, हडपसरच्या मुलाला तरी हीटर कुठं लागणार होता? कदाचित कधीच नाही. मी सांगितल्यामुळे त्याचा कुठला अपघात टळला, असंही काही नाही. पण जुन्या गाड्या एका जागी थांबत नाहीत. एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. दोन पाइप जोडून टाकणं पुण्यात शहाणपण आहे. तीच गाडी चार मालकांनंतर हिमाचलमध्ये गेली तर जानेवारीच्या पहाटे काच आतून धुरकटते आणि पुढचं वळण दिसत नाही. थंड देशांत हीटरकडे चैन म्हणून बघत नाहीत. अमेरिकेत काचेवरचं धुकं आणि बर्फ हटवणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे असा सुरक्षेचा सरकारी नियमच आहे. आपला जुगाड आपल्या हवामानात खरा असतो. वस्तू हातातून गेली की हवामान आपल्या ताब्यात राहत नाही, आणि मग जुगाडासोबत त्याची माहितीही गेली पाहिजे. जोवर माहिती सोबत आहे तोवर तो जुगाड. माहिती गळून पडली की तोच सापळा होतो.

आणि समजा काहीच बिघडणार नाही याची शंभर टक्के खात्री असती, तरी? तरी सांगायला हवं होतं असंच मला वाटतं. एक लाख वीस हजार त्याचे होते. त्या पैशात हीटर नसलेली गाडी घ्यायची की नाही हे त्यानं ठरवायचं. मी गप्प बसले असते तर तो निर्णय मी त्याच्या वतीनं घेतला असता आणि घेतला हे त्याला कळूही दिलं नसतं.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. एक तर पंधरा हजार कमी करा, नाहीतर कॉइल बदलून द्या, मग ठरलेले पैसे. बाबांनी हिशेब केला. कॉइल अठराशेची, मजुरी साडेसहा हजार, एसीचा गॅस पुन्हा भरायचा, नवं कूलंट. सगळं मिळून अकरा हजारांच्या आत. ते म्हणाले, बदलून टाकू. तत्त्वासाठी नाही, चार हजार वाचतात म्हणून.

कॉइल बदलताना आम्ही दोघं गॅरेजमध्ये होतो. आधी बॅटरी सोडवली आणि एअरबॅगसाठी थोडा वेळ थांबले. मग एसीचा गॅस काढला, कारण आमच्या गाडीत एसीची कॉइल आणि हीटरची कॉइल एकाच डब्यात बसतात. स्टिअरिंग उतरलं, मीटर निघाला, ग्लोव्ह बॉक्स निघाला, रेडिओ निघाला. प्रत्येक वायरच्या टोकाला मेस्त्री कागदी टेप चिकटवून नंबर लिहीत होते. शेवटी तिघांनी मिळून डॅशबोर्ड उचलला आणि गाडीचा सांगाडा समोर आला.

तिथं कळलं की हा डॅशबोर्ड आधीही एकदा उघडलेला आहे. मेस्त्रींनी बोट दाखवलं. कंपनीच्या स्क्रूंच्या जागी दोन वेगळेच स्क्रू, एक पट्टी गायब, वायरींचा एक जुडगा कापून परत जोडलेला आणि वरून काळी टेप गुंडाळलेली. आम्ही तर कधीच उघडला नव्हता. म्हणजे २०१३च्या आधी. म्हणजे बाबांना ज्यानं गाडी विकली, त्याच्या काळात. अपघात झाला होता, की पाणी शिरलं होतं, की आणखी काही, ते आता कळायला मार्ग नाही.

बाबा बराच वेळ त्या काळ्या टेपकडे बघत होते. मला वाटलं, ते त्या माणसाला शिव्या घालतील. ते म्हणाले, “मी तरी कुठं विचारलं होतं?”

या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे. ते त्या माणसाला माफ करत होते, की स्वतःला दोष देत होते, की स्वतःचाच नियम स्वतःवर लागू झाल्यावर कसा लागतो ते चाचपून बघत होते? मी विचारलं नाही. पण एक गोष्ट मला तिथं लख्ख दिसली. गप्प बसणं हे एका व्यवहारापुरतं नसतं. ते वस्तूसोबत पुढं जातं. पहिल्या मालकानं बाबांना सांगितलं नाही, त्यामुळे बाबांना सांगण्यासारखं काही माहीतच नव्हतं. बाबांच्या पुढचा माणूसही प्रामाणिकपणे अंधारात राहिला असता आणि त्याच्या पुढचाही. साखळीत एकानं दडवलं की पुढच्या सगळ्यांचा प्रामाणिकपणा पोकळ होतो. त्यांच्याकडे सांगायला सत्यच उरत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन याची दुसरी बाजू मांडली. विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही, तर घेणारा प्रत्येक गाडी सदोष असेल असं धरूनच भाव देतो. त्या पडेल भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. पुढं २००१मध्ये ज्या कामासाठी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हा लेख होता. “अजून काय काय आहे?” हा त्या मुलाचा प्रश्न मला तेव्हा लागला होता. आता वाटतं, तो मला उद्देशून नव्हताच. आजवर गप्प बसलेल्या सगळ्या विक्रेत्यांना तो होता. समोर मी होते, एवढंच.

खरं बोलण्याची किंमत अशी असते आणि ती सगळ्यांना सारखी परवडत नाही, हेही मान्य करायला हवं. आमच्यासाठी अकरा हजार म्हणजे थोडी चिडचिड. ज्याला घरभाडं थकलंय म्हणून गाडी विकावी लागतेय, त्याच्यासाठी ते दोन महिने असू शकतात. त्याला उपदेश करायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्याची गाडी घेणाराही बहुधा त्याच्यासारखाच असतो. नवी गाडी परवडत नाही म्हणूनच तर तो या गाडीपाशी आलेला असतो. न सांगितलेला दोष श्रीमंताच्या दारात जाऊन थांबत नाही. तो वरून खाली सरकत जातो आणि ज्याला दुरुस्ती परवडत नाही, नेमका त्याच्या हातात फुटतो.

मेस्त्रींनी सगळं परत जोडलं. गायब पट्टीच्या जागी नवी बसवली, ती काळी टेप सोडवून वायरी नीट जोडल्या. नवं कूलंट भरून, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली. मे महिन्याच्या दुपारी हीटर पूर्ण सोडला आणि आम्ही चौघं घामानं निथळत त्या झोतासमोर हात धरून उभे राहिलो. मग मेस्त्रींनी थिनरच्या बोळ्यानं बॉनेटमधलं जुनं वाक्य पुसलं आणि तिथंच नवं लिहिलं, ‘हीटर कॉइल नवीन ५/२४’.

मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा बाबांनीच बॉनेट उघडलं. त्याला ती अक्षरं दाखवली. मग, त्यानं काही विचारायच्या आत, त्याला डॅशबोर्डपाशी नेऊन म्हणाले, “हे बघ, हा डॅशबोर्ड आमच्या आधी कुणीतरी एकदा उघडलेला आहे. का, ते आम्हाला माहीत नाही. पण तुला माहीत असावं.”